घेतलेल्या बोटीचे ऋण

युद्धकाळी राज्यसत्ता प्रजेची घरे, वाहने, आगबोटी ताब्यात घेते, आणि संकटसमयी एकाचे ते सर्वांचे म्हणून आपण त्यास अन्याय म्हणत नाही. पण घेणाराचे कर्तव्य तेथेच संपते काय?

ब्रिटिश इंडिया कंपनीची ‘रोहना’ ही १९२६ साली बांधलेली उतारूंची आगबोट दुसऱ्या महायुद्धात सैन्य नेण्यासाठी घेण्यात आली. २६ नोव्हेंबर १९४३ रोजी, सुमारे दोन हजार अमेरिकन सैनिकांना हिंदुस्थानाकडे आणीत असता, अल्जीरियाच्या किनाऱ्याजवळ जर्मन विमानातून सोडलेल्या दूरनियंत्रित बॉम्बने ती बुडाली. अकराशेंहून अधिक जीव गेले. त्यांत बोटीवरील शंभरावर नोकरही होते, बहुतेक हिंदी खलाशी. शत्रूस आपल्या नव्या अस्त्राचे यश कळू नये म्हणून तपशील गुप्त ठेवण्यात आला.

ती गुप्तता त्या वेळी युद्धनीतीस धरून होती, हे आम्हांस मान्य आहे. परंतु गरज सरल्यावर वर्षानुवर्षे टिकलेले मौन निराळे. बोटीच्या मालकास निदान मोबदला मागता येतो; हिंदी खलाशास मात्र गोऱ्या खलाशाच्या वेतनाचा अल्प अंशच मिळे. त्या युद्धात समुद्रात नाहीसे झालेल्या सहा हजारांहून अधिक हिंदी व्यापारी खलाशांची नावे मुंबईच्या खलाशीगृहातील स्मृतिग्रंथात आहेत. त्याची पाने आपणांपैकी कितीजणांनी उलटली असतील?

घेतलेली बोट परत करता येते, घेतलेला प्राण नाही. त्याचे ऋण स्मरणानेच फेडावयाचे असते; आणि ते एकट्या सरकारचे नव्हे, आपलेही आहे.