हात कोणापुढे जोडावेत?



वर्षावासात परळच्या एका चाळीत त्रिसरण-पंचशील झाल्यावर एका वृद्ध मावशींनी मला विचारले, "गुरुजी, देव्हारा आम्ही काढला. शेजारची ख्रिस्ती बाई म्हणते, येशूची प्रार्थना करा, तो तारील. तुम्ही म्हणता तेही नको. मग नातवाला रात्री ताप चढला की हात कोणापुढे जोडायचे?"

खोली शांत झाली. हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. तो आपल्या पुष्कळ घरांत आहे. फक्त कोणी मोठ्याने विचारीत नाही.

ह्याच मुंबईत १८५७ साली विष्णुबावा ब्रह्मचारी आणि ख्रिस्ती मिशनरी यांचे समुद्रकिनारी जाहीर वादविवाद झाले. वेद खरे की बायबल, मोक्ष कशाने मिळतो, यावर दोन्ही पक्ष हिरीरीने बोलले. त्या दोन धर्मांचे म्हणणे तरी काय, ते आपण नीट समजून घेऊ.

हिंदू धर्म सांगतो की आत्मा अमर आहे, तो पुन्हा पुन्हा जन्म घेतो, आणि ह्या जन्मीचे दुःख हे मागील जन्मीच्या कर्माचे फळ आहे. ह्याच सिद्धान्ताने आपल्या आजोबांना सांगितले की तुमची अस्पृश्यता ही तुमचीच कमाई. ज्याने लुटले तो सुटला आणि लुटला गेला तोच अपराधी ठरला!

ख्रिस्ती धर्म सांगतो की ईश्वर एक, जन्मही एकच. मनुष्य मुळातच पापी आहे, आणि ईश्वरपुत्र येशूवर विश्वास ठेवील त्याचे तारण होईल. तेथे जन्माने कोणी नीच ठरत नाही, ही मोठी गोष्ट आहे. आपण ती मोकळ्या मनाने मान्य केली पाहिजे. अहमदनगरची मिस फॅरार यांची शाळा पाहून जोतिरावांना मुलींच्या शाळेची प्रेरणा मिळाली, हेही विसरू नये. पण ह्या देशातली जात चर्चच्या दाराशी थांबली नाही. दक्षिणेत कित्येक ठिकाणी ती बसण्याच्या जागेत शिरली आणि दफनभूमीतही शिरली.

दोन्ही धर्मांत एक गोष्ट मात्र समान आहे. सुटकेची किल्ली माणसाच्या स्वतःच्या हाती नाही. एकीकडे ती गतजन्माकडे आणि देवाच्या कृपेकडे आहे, दुसरीकडे तारणाऱ्याकडे. बाबासाहेबांनी नेमका हाच फरक दाखविला. तथागत मोक्षदाता नाहीत, मार्गदाता आहेत. १९३५ साली येवल्याला धर्मांतराची घोषणा झाली. १९३६ च्या मे महिन्यात दादरजवळ नायगावला मुंबई इलाखा महार परिषद भरली. तेथपासून १४ ऑक्टोबर १९५६ पर्यंत बाबासाहेबांनी वीस वर्षे विचार केला, तो हा मार्ग निवडण्यासाठी.

आता मावशींचे उत्तर. विनयपिटकात एक प्रसंग आहे. एक भिक्खू पोटाच्या विकाराने आपल्याच घाणीत पडला होता. कोणी त्याच्याकडे फिरकत नव्हते. तथागतांनी त्याला मंत्र दिला नाही की चमत्कार केला नाही. आनंदाला पाणी आणावयास सांगितले. स्वतः पाणी घातले, आनंदाने त्याचे अंग धुतले, आणि दोघांनी उचलून त्याला मंचकावर निजविले. मग संघाला बजावले की तुम्हाला येथे आईबाप नाहीत. एकमेकांची सेवा तुम्ही केली नाही तर कोण करील? माझी सेवा करावी असे ज्याला वाटते, त्याने आजाऱ्याची सेवा करावी.

मी म्हणालो, "मावशी, ताप चढला की आधी डॉक्टर. मग बाळाच्या उशाशी बसा, कपाळावर ओली पट्टी ठेवा. तीच तुमची वंदना. बुद्धापुढे हात जरूर जोडा, पण मागण्यासाठी नव्हे, कृतज्ञतेने."

मावशी जरा थांबून म्हणाल्या, "ती शेजारीण मागच्या खेपेला रात्रभर माझ्याबरोबर जागली हो."

"मग तिच्या त्या जागण्यालाही हात जोडा," मी म्हणालो. "ती करुणा आहे. करुणेला धर्माची भिंत नसते. तिच्या घरी कोणी आजारी पडेल तेव्हा आपण पहिल्याने तिच्या दारात उभे राहू."

बंधूंनो, देव्हारा काढला म्हणजे धम्म आला असे नव्हे. रिकाम्या झालेल्या त्या जागी मैत्री आणि प्रज्ञा बसली पाहिजे. नाहीतर भीतीने जुनेच देव मागल्या दाराने परत येतील.

भवतु सब्ब मंगलम्. जयभीम!