आधी खेळ, मग गिलावा

एखादं जुनं थिएटर बंद पडलं की पुढे काय होणार, हे आता आधीच सांगता येतं. पहिले आठ दिवस वर्तमानपत्रांत हळहळ. तीत हाऊसफुल्लचा बोर्ड, ब्लॅकने तिकिटं विकणारे आणि मध्यंतरातला वडा यांची हजेरी ठरलेली. मग वारसाप्रेमींचं निवेदन निघतं. मग कुणीतरी सुचवतं की पालिकेने वास्तू ताब्यात घ्यावी, डागडुजी करावी आणि तिथे परिसरासाठी कलाकेंद्र काढावं. या सूचनेला सहसा कुणी विरोध करत नाही. नगरसेवकाला ती चालते, वास्तुविशारदाला चालते, नाट्यसंस्थांना चालते, मोबदला बरा असेल तर मालकालाही चालते. इतकं एकमत होतं, ते बहुधा मुख्य प्रश्न कुणी विचारलेलाच नसतो म्हणून. प्रश्न अगदी साधा आहे: त्या केंद्रात मंगळवारी दुपारी तीन वाजता काय चालू असेल?

जुन्या टॉकीजकडे या प्रश्नाचं उत्तर होतं. तंबूतला बायोस्कोप, गिरगावातलं कोरोनेशन, पुण्यात मंडईजवळचं पाठकांचं आर्यन हा सगळा इतिहास वाचकाला पाठ आहे, तो पुन्हा उगाळत नाही. त्यात एक गोष्ट मात्र सहसा सांगायची राहते. बारा, तीन, सहा, नऊ असे खेळ रोज होत. सिनेमा चांगला असो की टुकार, पाऊस असो की परीक्षा, तिकीटबारी उघडायची. भिंतीतल्या हाताएवढ्या भोकातून सुटे पैसे आत जायचे आणि पातळ रंगीत कागदाचा कपटा बाहेर यायचा. नाव, गाव, ओळख, निमंत्रण कुणी विचारत नसे. मुंबईत पिला हाऊसच्या थिएटरांत वर्षानुवर्षं जुन्या हिंदी चित्रपटांचे खेळ लागत आणि दुपारच्या खेळाला हमाल, गाडीवाले, रात्रपाळी करून आलेले कामगार येत. त्यांतले बरेच जण पंख्याखालची खुर्ची हेरून सरळ झोपी जात. त्यांना रसिक म्हणायचं की नाही यावर वाद घालता येईल. पण त्या शहरात थोडक्या पैशांत तीन तास कुणी न उठवता बसता येईल अशा जागा किती होत्या, आणि आज किती आहेत, हे आधी मोजावं.

म्हणून या साऱ्या चर्चेत मला एकच फरक महत्त्वाचा वाटतो: रोज उघडणारी जागा आणि प्रसंगाने उघडणारी जागा. टॉकीज पहिल्या प्रकारची होती. आपण तिच्या जागी जे कलाकेंद्र सुचवतो ते जवळपास नेहमीच दुसऱ्या प्रकारचं असतं. प्रसंगाने उघडणाऱ्या जागेत जाण्यासाठी तो प्रसंग आधी कळावा लागतो, आणि तो कळतो तो ज्यांचं अशा ठिकाणी आधीपासून जाणं-येणं आहे त्यांनाच. रोज उघडणाऱ्या जागेत माणूस सहज म्हणून शिरतो. शेजारपाजारच्या लोकांचा एखाद्या वास्तूवर हक्क तयार होतो तो या सहज शिरण्यातून. नूतनीकरणाच्या फलकावर ‘नागरिकांसाठी’ असं लिहिल्याने तो होत नाही.

यावर दोन मतं अशी आहेत की त्यांना एकेका ओळीत वाटेला लावता येतं. बाजाराने निकाल दिला आहे, आता पाडा, असं म्हणणाऱ्यांनी एवढंच सांगावं की करमणूक कर, परवाना आणि भूखंडाचा वापर ही तिन्ही सूत्रं सरकारच्या हाती असताना बाजार एकटा निकाल द्यायला बसला तरी कधी होता? आणि सगळं होतं तसंच ठेवा म्हणणाऱ्यांना खुर्च्यांतल्या ढेकणांचीही आठवण करून द्यायला हवी. तिसरं मत मात्र असं झटकता येत नाही, कारण ते मांडणारी माणसं अभ्यासू आहेत आणि त्यांनी खरोखर इमारती वाचवल्या आहेत. ते म्हणतात, आधी वास्तू वाचवा. छत गळायचं थांबलं, कलाकुसर पुन्हा उजळली, की वापर आपोआप येईल. आज हेच मत प्रतिष्ठित आहे आणि माझ्या मते तेच सर्वांत जास्त नुकसान करतं.

या मताचा सर्वांत देखणा पुरावा म्हणजे मुंबईचं रॉयल ऑपेरा हाऊस. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात उभं राहिलेलं हे नाट्यगृह १९३०च्या दशकात चित्रपटगृह झालं आणि १९९३ मध्ये बंद पडलं. गोंडलच्या राजघराण्याने ते विकून मोकळं होण्याऐवजी राखलं, आभा नारायण लांबा यांनी त्याचं जतनकाम केलं, २०१६ मध्ये ते पुन्हा उघडलं आणि पुढच्या वर्षी युनेस्कोने आशिया-पॅसिफिक विभागात त्याचा गौरव केला. कामात खोट काढायला जागा नाही. घुमट, बॉक्स, सज्जे सगळं डोळे निववणारं आहे. आता वापर पाहा. तिथे मैफली होतात, नाटकं होतात, विनोदी कार्यक्रम होतात, म्हणजे कार्यक्रम असतो तेव्हा ते उघडतं. ज्या रस्त्यावर ते उभं आहे तिथल्या दुकानातल्या पोऱ्याने सुट्टीच्या दुपारी खिशातल्या पैशांत आत जाऊन बसावं, ही गोष्ट ते चित्रपटगृह असताना शक्य होती. ती काही गिलाव्याबरोबर परत आली नाही. खासगी मालकाने स्वखर्चाने वास्तू वाचवली, त्याने रोज स्वस्त खेळ लावावेत असा आग्रह कुणी धरू नये, मीही धरत नाही. माझा मुद्दा त्या मालकाविषयी नाहीच. ‘वापर आपोआप येईल’ या विधानाविषयी आहे. आपोआप येतो तो महागडी जागा परवडणारा वापर. ब्रुकलिनचं किंग्ज थिएटर घ्या: १९२९ मध्ये चित्रपटांचा राजवाडा म्हणून उघडलं, १९७७ मध्ये बंद पडलं, सुमारे साडेनऊ कोटी डॉलर खर्चून २०१५ मध्ये पुन्हा उघडलं, ते मुख्यतः दौऱ्यावरच्या गायक-वादकांचं सभागृह म्हणून. जितका जीर्णोद्धार महाग तितकं भाडं चढं आणि तितके प्रसंग मोठे, हे गणित समुद्र ओलांडल्याने बदलत नाही.

यावर जतनवाद्यांचं ठरलेलं उत्तर असतं की हा खासगी मालकीचा दोष आहे, पालिकेच्या हाती वास्तू द्या. पण पालिकेची कलाकेंद्रं आपण पाहिलेली आहेत. त्यांनाच आपण नाट्यगृहं म्हणतो. पुण्याचं बालगंधर्व रंगमंदिर १९६८ पासून पालिका चालवते. तिथला सगळा कारभार तारखेभोवती फिरतो: तारीख कुणाला मिळाली, कुणाची कापली, शनिवार-रविवारची रात्र कुणाच्या वाट्याला आली. नाटक, लावणी, ऑर्केस्ट्रा, सत्कार, पक्षाचा मेळावा, शाळेचं स्नेहसंमेलन, सगळ्यांना तोच रंगमंच, सत्राच्या हिशेबाने. त्याचं मराठी रंगभूमीवरचं ऋण मोठं आहे आणि ते कमी लेखायचं कारण नाही. तरीही ते भाड्याने मिळणारं सभागृह आहे, आणि भाड्याच्या सभागृहाला स्वतःचा कार्यक्रम नसतो. त्याला फक्त भाडेकरू असतात. ते पाडून नवं बांधायचा प्रस्ताव आला तेव्हा गदारोळ झाला, पण तोही इमारतीवर. तिथे रोज काय व्हावं, हा विषय बाजूलाच राहिला.

याच पुण्यात उलट टोकाचं उदाहरण आहे. सरदार किबे यांच्या मालकीची वास्तू १९३४ पासून प्रभात म्हणून ओळखली जात होती; २०१४च्या अखेरीस भाडेकरार संपला आणि प्रभात बंद झालं. तेव्हा जणू घरातलं माणूस गेलं अशा थाटात लेख लिहिले गेले. पुढे तेच थिएटर किबे लक्ष्मी या नावाने उघडलं आणि मराठी सिनेमे लागत राहिले. नाव गेलं, पाटी गेली, पण तिकीटबारी राहिली. माझ्या हिशेबाने प्रभात मेलंच नाही. वारशाच्या भाषेत मात्र ते गेलं आणि ऑपेरा हाऊस परत आलं. या हिशेबात काय मोजलं जातं आणि काय सुटतं, ते इथे स्पष्ट दिसतं.

एक आक्षेप मात्र गंभीर आहे. ज्या टॉकीजचे गोडवे गायले जातात तिथे बाई एकटी जाऊ शकत होती का? पिटातली शिट्टी, अंधारातले हात, भिंतीवरच्या पिचकाऱ्या हे काही सगळ्यांचं घर नव्हतं. आक्षेप खरा आहे, विशेषतः व्हिडिओ आल्यानंतर घसरणीला लागलेल्या थिएटरांबाबत. पण त्याआधी दुपारच्या खेळांना बायकांची गर्दी होत होती. १९७५ मध्ये ‘जय संतोषी माँ’ लागला तेव्हा चपला बाहेर काढून आत जाणाऱ्या बायकांच्या हकिकती प्रसिद्धच आहेत. घरून ‘कुठे चाललीस’ असं विचारलं तर सांगता येईल अशी वेळ आणि जागा ठरलेली असणं, हे त्या येण्याचं एक कारण होतं. नेमाने उघडणारी जागा स्वच्छ, उजळ आणि निर्धोक करता येते. जी उघडतच नाही तिथे बाईला मोकळीक आहे म्हणणं ही चलाखी झाली.

दुसरा आक्षेप पैशांचा. रोजचा खेळ परवडेल कसा? चार खेळ परवडणार नाहीत, हे कबूल. पण रोज एक, संध्याकाळी सहाचा, ही मागणी अवाजवी नाही. रिळांच्या पेट्या होत्या तोवर प्रत्येक थिएटरसाठी वेगळी प्रिंट लागे आणि तिचा खर्च कुणाच्या तरी अंगावर पडे. डिजिटल प्रक्षेपणाने ती अडचण संपवली. सकाळी तालमी, गाण्याचे वर्ग, फोयरमध्ये चित्रं, रात्री भाड्याने नाटक, हे सगळं त्या एका खेळाच्या आजूबाजूला बसतं. आणि हे कुठे घडतच नाही असंही नाही. कोलकात्याचं नंदन हे राज्य सरकारचं चित्रपट केंद्र. १९८५ मध्ये सत्यजित राय यांच्या हस्ते उघडलं. तिथे महोत्सव होतात, परिसंवाद होतात, शिवाय कमी दरात नेहमीचे खेळ लागतात. केरळचं चित्रपट विकास महामंडळ तिरुवनंतपुरमला कैरली-श्री-निळा ही थिएटरं चालवतं. आपल्याकडे मात्र मराठी सिनेमाला खेळ मिळत नाहीत म्हणून २०१५ मध्ये मल्टिप्लेक्सवर प्राइम टाइमची सक्ती आणली गेली, त्यावर चिक्कार वाद झाला, आणि सरकारने स्वतः तिकीटबारी उघडावी हा विचार त्या वादात जवळजवळ नव्हता.

हे करायचं तर ते जीर्णोद्धाराच्या निविदेआधी, करारात लिहावं लागेल. वर्षात किमान किती दिवस खेळ, तिकिटाची वरची मर्यादा किती, त्यातली किती तिकिटं ऑनलाइन न विकता बारीवरच द्यायची, पक्षमेळाव्यांना कमाल किती सत्रं. वास्तुविशारदाने मग त्यानुसार आराखडा काढावा. पैसे कमी पडले तर छताची कलाकुसर पाच वर्षं थांबू शकते, प्रोजेक्टर आणि बायकांची स्वच्छतागृहं थांबू शकत नाहीत. हा क्रम जतनवाद्यांना रुचणार नाही. खासगी मालकांच्या बाबतीत सरकारला त्यासाठी काही तरी द्यावं लागेल, करसवलत किंवा बांधकामाचा वाढीव हक्क, आणि ते देताना घासाघीस होणारच. पण लालबागच्या भारतमाता सिनेमासारखी जागाही आहे, जिथे गिरणगावाने कमी दरात मराठी सिनेमे पाहिले. ती इंडिया युनायटेड मिल क्रमांक एकच्या जमिनीवर आहे, आणि ती गिरणी राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाची, म्हणजे केंद्र सरकारच्या उपक्रमाची. तिथे कुणा खासगी मालकाचं मन वळवायचं नाही. भाडेपट्ट्यात या अटी घालायच्या, एवढंच काम आहे, आणि सुरुवात करायची तर तिथून करावी.