असईच्या शिवाराची साक्ष

२३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यातील असई गावाजवळ, केळणा आणि जुई नद्यांच्या बेचक्यात, शिंदे-भोसल्यांची फौज इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीशी भिडली. शिंद्यांच्या तोफांनी इंग्रजांची ७४वी पलटण भाजून काढली. मॅक्सवेलचे घोडदळ धावून आले तेव्हा तिचे उरलेले शिपाई वाचले. मॅक्सवेल मात्र त्याच रणात पडला. इंग्रजांचे दीड हजारांवर लोक मेले किंवा जखमी झाले. शिंद्यांचे किती पडले याचे आकडे अंदाजाचेच आहेत.

म्हणूनच अशा रणभूमीतून रिकीब, नाल, लगामाची कडी उकरून दिवाणखान्यात मांडणाऱ्यांना माझा विरोध आहे. असईची हकिकत जग प्रामुख्याने जिंकणाऱ्यांच्या खलित्यांतून वाचते. हरलेल्या बाजूचा स्वार कुठवर लढला, कुठे वळला, हे सांगायला माती उरली आहे. वस्तू जागेवरून हलली की ती साक्ष कायमची बुडते. नुसता नाल बाजारात कुठेही मिळेल. तो कोणत्या बांधाजवळ, किती खोल, कशासोबत पडला होता, हाच इतिहास असतो.

अमेरिकेत लिटल बिगहॉर्नच्या रणभूमीवर १८७६ साली कस्टरचे घोडदळ कापले गेले. तिथे १९८३ च्या वणव्याने गवत जळाल्यावर संशोधकांनी धातुशोधक यंत्रे घेतलेल्या स्वयंसेवकांकडून प्रत्येक गोळीची जागा नकाशावर नोंदवली. त्यातून सैनिकांच्या हालचाली उलगडल्या आणि जुन्या दंतकथा तपासता आल्या. वस्तू उकरून नेणाऱ्यांच्या हातातही यंत्र तेच असते, फरक हेतूचा आणि नोंदीचा.

आपल्याकडे कायदे आहेत. १८७८ च्या निखात निधी अधिनियमानुसार जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. १९७२ च्या कायद्याने पुरावस्तूंच्या व्यापाराला परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला त्या परदेशी पाठवता येत नाहीत. पण कळवले तर शेत जाईल, ही भीती शेतकऱ्याच्या मनात असेल तर वस्तू मुकाट्याने भंगारात जाईल. ती भीती घालवणे प्रशासनाचे काम आहे. गावात येऊन माहिती द्यावी, शोधणाऱ्याचे नाव नोंदीत मानाने लिहावे.

नांगराला काही लागले तर जागेवरच फोटो काढा, गट क्रमांक लिहा, तलाठ्यामार्फत जिल्हाधिकाऱ्यांना कळवा. शाळांनी मुलांना ही नोंद करायला शिकवावे. आणि संग्राहकांनो, पूर्वजांचा अभिमान असेल तर अशी वस्तू विकत घेणे आजच थांबवा. गिऱ्हाईक नसेल, तर शेत उकरायला कोणी येणार नाही.