जहाज तेच, की दुसरे?

अमेरिकेच्या तटरक्षक दलाचे 'पोलर स्टार' हे जहाज १९७६ साली सेवेत आले. सहा फूट जाडीचा बर्फ फोडत ते अंटार्क्टिकावरच्या मॅकमर्डो तळाकडे रसद नेणाऱ्या जहाजांना वाट करून देते. २००६ मध्ये ते सिअ‍ॅटलच्या धक्क्याला बांधून ठेवले गेले आणि मोठ्या डागडुजीनंतर २०१२ च्या अखेरीस पुन्हा रुजू झाले. त्याचे जुळे भावंड 'पोलर सी' २०१० मध्ये इंजिनांच्या बिघाडाने बंद पडले, तेव्हापासून त्याचे सुटे भाग काढून 'पोलर स्टार'ला बसवत आले आहेत. इतके बदलूनही जहाज तेच राहिले असे कशाच्या आधारावर म्हणायचे? प्रश्न समुद्रावरचा असला तरी हिंगोली जिल्ह्यातल्या वारंगा फाट्याच्या माणसाला तो परका नाही. त्याच जिल्ह्यात औंढ्याच्या नागनाथाचे देऊळ आहे. खालचा भाग यादवकाळातला, काळ्या दगडाचा, शिल्पांनी भरलेला; वरचा भाग विध्वंसानंतर उभारलेला, अगदी निराळ्या घडणीचा. हा फरक नजरेत भरतो, आणि तरीही दर्शनाला येणाऱ्या कोणालाच हे दुसरे देऊळ वाटत नाही.

मिलिंद राजाशी बोलताना भिक्षू नागसेनाने रथाचा दाखला दिला होता: चाक म्हणजे रथ नव्हे, आस नव्हे, जू नव्हे, या साऱ्यांच्या मेळाला 'रथ' हे नुसते नाव आहे. त्याचा पहिला अर्धा भाग मला पूर्ण पटतो. पण नावापाशी थांबले की एक अडचण उरते, कारण नाव कोणालाही देता येते. माझे म्हणणे असे की वस्तूचे तेपण तिने पत्करलेल्या आणि माणसांनी हातोहात चालवत आणलेल्या कामात असते. नागनाथाची पूजा, 'पोलर स्टार'ची दक्षिणेची वाट, हीच त्यांची ओळख.

यावर कोणीही 'विक्रांत' पुढे करील, आणि तो आक्षेप वजनदार आहे. पहिली विक्रांत ही विमानवाहू नौका १९६१ मध्ये भारतीय नौदलात आली, १९७१ च्या युद्धात तिच्या विमानांनी चितगाव आणि कॉक्स बाजारवर हल्ले केले, ३१ जानेवारी १९९७ ला ती निवृत्त झाली. पुढे मुंबईत संग्रहालय म्हणून राहिली आणि २०१४ मध्ये दारूखान्यात तोडायला गेली. २ सप्टेंबर २०२२ ला कोचीत नवी विक्रांत दाखल झाली, तोच आर-११ क्रमांक आणि तेच ऋग्वेदातले बोधवाक्य घेऊन. मधल्या पंचवीस वर्षांत काम कुठे चालले होते? गोव्यातल्या नौदलाच्या ३०० क्रमांकाच्या स्क्वाड्रनकडे पाहा. त्यांनी १९७१ मध्ये विक्रांतवरून सी हॉक उडवले, १९८३ पासून तिच्यावर सी हॅरियर आणले, मग तीच विमाने विराट या दुसऱ्या विमानवाहू नौकेवरून चालवली आणि २०१६ मध्ये मिग-२९के घेतले. हलत्या डेकवर विमान उतरवण्याची विद्या अशी माणसाकडून माणसाकडे आली. पुनर्जन्माविषयी नागसेन दिव्यावरून लावलेल्या दिव्याचा दाखला देतो. इथे ती ज्योत मधली वर्षे विराटने आणि पुढे विक्रमादित्य या विमानवाहू नौकेने सांभाळली. म्हणून नवी विक्रांत मला जुनीची खरी वारस वाटते. ती तीच आहे असे मात्र मी म्हणणार नाही, क्रमांक कितीही जुळला तरी.

मग दारूखान्यात तुटणाऱ्या लोखंडासाठी लोक हळहळले ते उगाच का? मुळीच नाही. ते लोखंड त्या कामाचे साक्षीदार होते, आणि साक्षीदाराला जपणे हे मागे राहिलेल्यांचे कर्तव्य असते. मुंबईने ते जपायला हवे होते असे मला मनापासून वाटते. पण साक्षीदार गेल्याने काम गेले असे होत नाही, तसेच साक्षीदार उरल्याने काम उरते असेही नाही. याचा एक कठोर परिणाम मला मान्य करावा लागतो. 'पोलर सी'च्या अंगातले भाग आजही 'पोलर स्टार'बरोबर अंटार्क्टिकाच्या बर्फात जातात. तरीही माझ्या कसोटीने 'पोलर सी' २०१० मध्येच संपली, आणि सहा वर्षे धक्क्याला पडून राहिलेली 'पोलर स्टार' मात्र संपली नव्हती, कारण तिला परत तिच्या वाटेवर पाठवण्यासाठी माणसे तिच्यावर राबत होती.