सरस छायाचित्र कोणते? : गुण, सादृश्य आणि साक्ष

1

पाचोऱ्याजवळच्या एका वावरात गेल्या कार्तिकात आम्ही तीन मोबाइल फोनांनी कपाशीच्या एकाच झाडाची छायाचित्रे घेतली. जागा तीच, प्रकाश तोच, अंतरही तेच. वावर माझ्या मामांचे आणि झाड लाल्याने ग्रासलेले. लाल्या खानदेशाला नवा नाही. मॅग्नेशियम व नत्र यांची कमतरता, बोंडे भरताना झाडावर येणारा ताण आणि रात्रीची थंडी यांमुळे पानांतील हरितद्रव्य घटते आणि पाने लालसर होत जातात. तिघांपैकी सर्वांत जुन्या फोनने टिपलेले चित्र मळकट होते. त्यात आकाश पांढरे पडले होते आणि सावलीच्या भागात रंगांचे कण विखुरलेले दिसत होते. दुसऱ्या फोनने आकाशाला निळाई दिली व बोंडे उजळ केली. तिसऱ्याचे चित्र सर्वांत रेखीव होते. त्यातील शिरा न् शिरा मोजता येत होती, आणि पाने होती हिरवी.

संध्याकाळी ओट्यावर ही चित्रे सर्वांनी पाहिली. घरातल्या मुलांनी क्षणाचाही विलंब न लावता तिसऱ्या चित्राला कौल दिला. मामा मात्र ते बराच वेळ पाहत राहिले आणि हे आपले वावर नव्हे, असे म्हणाले. मी म्हटले, 'मामा, पण सगळ्यांत स्वच्छ फोटो हाच आलाय ना?' ते म्हणाले, 'स्वच्छ आलाय खरा. पण लाल्या कुठं गेला?'

प्रस्तुत लेखाचा विषय हा प्रश्न आहे. वरवर पाहता तो एका यंत्राच्या रंगदोषाविषयीचा आहे. परंतु 'सरस' या विशेषणाचा अर्थ काय, तो कोणी ठरवायचा आणि ठरवताना कोणाला विसरून चालणार नाही, असे समीक्षेला चिरपरिचित असलेले प्रश्न त्यात दडलेले आहेत.

2

फोनच्या कॅमेऱ्यांची तुलना करण्याची एक पद्धत आता रूढ झाली आहे. एकाच दृश्याची दोन चित्रे शेजारी शेजारी ठेवली जातात आणि रेखीवपणा, कणमयता, उजेड व सावली एकत्र सामावून घेण्याची क्षमता, रंगांचा समतोल या निकषांवर त्यांना गुण दिले जातात. हे निकष निरर्थक नाहीत. पण ते सारे चित्राच्या चौकटीच्या आत लागू पडतात, हे ध्यानात घेतले पाहिजे. मराठी वाचकाला येथे मर्ढेकरांची आठवण होणे स्वाभाविक आहे. संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांनी सौंदर्याचा निर्णय करताना त्यांनी कलाकृतीबाहेरचे संदर्भ कटाक्षाने दूर ठेवले. शेजारी ठेवलेल्या दोन छायाचित्रांचा परीक्षक नकळत अशाच एका रूपवादाचा अवलंब करीत असतो. फरक इतकाच की, मर्ढेकरांचा रूपवाद कलाकृतीविषयीचा होता, तर येथे तो अशा वस्तूला लावला जातो जिचा मुख्य दावा मुळी कलाकृती असण्याचा नसतोच.

रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसा' (1974) या ग्रंथात लौकिकतावादी व अलौकिकतावादी अशा दोन ध्रुवांमध्ये सौंदर्यविचाराचा ताण दाखवून दिला आहे. छायाचित्र हे या ताणाचे अत्यंत बोलके उदाहरण ठरते. ते भिंतीवर लावले की एका ध्रुवाकडे झुकते आणि पंचनाम्याला जोडले की दुसऱ्या. महाराष्ट्रात 2021 पासून ई-पीक पाहणीच्या योजनेत शेतकरी स्वतःच मोबाइलवरून छायाचित्रासह आपल्या पिकाची नोंद करतो आणि ती नोंद सातबाऱ्यावर जाते. पिकाच्या नुकसानीचे म्हणणे मांडतानाही छायाचित्राचा आधार घेतला जातो. ज्या चित्राला ओट्यावर 'सरस' म्हटले गेले तेच चित्र अशा वेळी मामांच्या विरुद्ध साक्ष देईल. पान हिरवे आहे, असे ते सांगेल, आणि मोठ्या रेखीवपणे सांगेल. खोटी साक्ष अस्पष्ट असेल तर निदान तिच्याविषयी शंका तरी घेता येते.

3

यावर एक आक्षेप संभवतो. जुन्या फोनचे मळकट चित्र तरी 'खरे' कशावरून? आक्षेप रास्त आहे आणि त्याला बगल देऊन पुढे जाता येणार नाही. फोनच्या संवेदकावर ब्राइस बेयर यांच्या नावाने ओळखली जाणारी रंगगाळण्यांची जाळी बसवलेली असते. तिचे पेटंट 1976 सालचे आहे. या जाळीमुळे संवेदकावरील प्रत्येक बिंदू तांबडा, हिरवा किंवा निळा यांपैकी एकाच रंगाचा प्रकाश मोजतो. उरलेले दोन रंग शेजारच्या बिंदूंवरून अनुमानाने भरले जातात. म्हणजे चित्रातील रंगमूल्यांपैकी दोनतृतीयांश मूल्ये मोजलेली नसतात, ती अनुमानित असतात. पांढरा कशाला म्हणायचे याचा निर्णयही यंत्रच घेते. आजचे फोन तर एका कळीसरशी अनेक चौकटी टिपतात आणि त्यांचे मीलन करून एक चित्र घडवतात. तेव्हा अर्थनिर्णयापूर्वीचे, निखळ असे छायाचित्र कोठेही अस्तित्वात नाही. संहिता आणि भाष्य यांतील सीमारेषा येथे आरंभापासूनच पुसट आहे.

परंतु सर्वच चित्रे अर्थनिर्णयरूप आहेत, यावरून सर्व अर्थनिर्णय सारख्याच योग्यतेचे ठरतात, असे निष्पन्न होत नाही. कोणता अर्थनिर्णय कोणत्या पूर्वग्रहावर उभा आहे, हे विचारता येते. अलीकडच्या फोनांतील सुधारणा असंख्य चित्रांवरून शिकलेल्या प्रणालींच्या आधारे होते, आणि अशा प्रणालीचा स्वाभाविक कल नेहमीच्या, अपेक्षित रूपाकडे असतो. पान म्हणजे हिरवे, आकाश म्हणजे निळे, त्वचा म्हणजे नितळ, अशी तिची धारणा असते. 2023 साली एका वापरकर्त्याने चंद्राचे मुद्दाम धूसर केलेले चित्र पडद्यावर दाखवून ते सॅमसंगच्या फोनने टिपले. फोनने दिलेल्या चित्रात मुळात नसलेले तपशील उमटले. चंद्र ओळखून त्याचा तपशील वाढवणारी प्रणाली आपल्या फोनांत आहे, हे कंपनीनेही स्पष्ट केले. चंद्राची एकच बाजू आपल्याला नेहमी दिसत असल्याने तेथे ही लबाडी निरुपद्रवी वाटेल. पण कपाशीचे प्रत्येक वावर म्हणजे ठरावीक चेहऱ्याचा चंद्र नव्हे.

या प्रश्नाला इतिहासही आहे. रंगीत फिल्मच्या काळात कोडॅकच्या रंगजुळणीसाठी प्रयोगशाळांना गोऱ्या स्त्रीचे चित्र असलेली पत्रे पुरवली जात. त्या एका त्वचेला प्रमाण मानल्याने सावळ्या व काळ्या चेहऱ्यांचे तपशील दशकानुदशके अंधारात बुडत राहिले. गूगलने 2021 मध्ये आपल्या फोनात विविध त्वचावर्णांसाठी वेगळी व्यवस्था केली. यंत्राचे प्रमाण हे कोणाचे तरी प्रमाण असते, याची ती उशिरा दिलेली कबुलीच म्हणावी लागेल. लग्नाच्या अल्बममध्ये सावळी वधू उजळ होऊन येते तेव्हा तो 'गुण' कोणाच्या दृष्टीने असतो, हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. तालुक्याच्या गावी स्टुडिओतला छायाचित्रकारही पूर्वी चेहऱ्यावर ब्रश फिरवीत असे. पण आपण काय बदलले हे त्याला ठाऊक असे आणि त्याबद्दल त्याला जाबही विचारता येई. आजच्या सुधारणेचा कर्ता मात्र निनावी असतो. भाष्यकार आपल्या भाष्याखाली सही करतो. येथे भाष्य मूळ संहितेचे सोंग घेऊन वावरते.

4

प्रतिकृतींची तुलना करण्याचा एक जुना प्रसंग पाचोऱ्यापासून फार दूर नाही. पाचोरा–जामनेर या अरुंदमापी मार्गावरील, 2020 साली थांबलेल्या गाडीने पहूरला उतरून अजिंठ्याकडे जाणारी वाट एके काळी प्रवाशांच्या परिचयाची होती. त्या लेण्यांतील चित्रांच्या प्रतिकृती करण्याचे काम रॉबर्ट गिल याने 1840 च्या दशकात सुरू केले. त्याच्या बहुतेक प्रतिकृती 1866 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत नष्ट झाल्या. पुढे 1872 ते 1885 या काळात जॉन ग्रिफिथ्स व मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतील त्यांचे विद्यार्थी यांनी हे काम नव्याने केले. 1909 ते 1911 या वर्षांत लेडी हेरिंगहॅम यांच्याबरोबर नंदलाल बोस यांच्यासारखे तरुण चित्रकार तेथे गेले. ग्रिफिथ्सच्या प्रतिकृतींवर पाश्चात्त्य शिक्षणाची छाया आहे, तर हेरिंगहॅमच्या चमूचा भर रेषेवर आहे. एकच भिंत, दोन 'कॅमेरे'.

या दोहोंत सरस कोणती, हा वाद रंजक असला तरी त्याहून महत्त्वाची अशी एक वस्तुस्थिती आहे. प्रतिकृती नीट उतरवता यावी, रंग स्पष्ट दिसावेत, यासाठी मूळ चित्रांवर वार्निश चढवण्यात आले. काही काळ चित्रे खरोखर उजळली. पुढे वार्निश पिवळे पडले, आणि ज्याच्या प्रतिमेसाठी एवढा खटाटोप केला ते मूळच झाकोळले. प्रतिमेची गुणवत्ता हेच साध्य मानले की ज्याची ती प्रतिमा आहे त्याच्यावरच अन्याय घडू शकतो, याचे याहून बोलके उदाहरण सांगता येणार नाही. उलट, तेथील अंधुक प्रकाशाला प्रमाण मानून बिनॉय बहल यांनी घेतलेली आणि 1998 साली ग्रंथरूपाने आलेली छायाचित्रे पाहिली म्हणजे नवे तंत्र मुळाशी वैर न धरताही वापरता येते, हे पटते. म्हणून प्रस्तुत लेखकाचा आक्षेप तंत्रावर नाही. रात्रीच्या अंधारात डोळ्यांना न दिसणारे दाखवणारा कॅमेरा ज्ञानात भरच घालतो.

5

'कामसूत्रा'वरील यशोधराच्या टीकेत चित्राची सहा अंगे सांगितली आहेत. त्यांत लावण्ययोजन आहे आणि सादृश्यही आहे. दोन्ही एकाच यादीत असणे अर्थपूर्ण आहे, कारण लावण्याला सादृश्याची जागा घेण्याचा अधिकार तेथे दिलेला नाही. अभिनवगुप्ताने उद्धृत केल्यामुळे आपल्यापर्यंत पोहोचलेला शंकुकाचा चित्रतुरगन्यायही येथे उपयोगी पडतो. चित्रातला घोडा पाहताना होणारी प्रतीती सम्यक् ज्ञान, मिथ्याज्ञान, संशय आणि सादृश्यज्ञान या चौहोंहून निराळी असते, असे शंकुकाचे म्हणणे. नाट्यातील रसिकाला ही सवलत आहे, कारण रंगभूमीवरील राम हा राम आहे की नाही हे ठरवण्याचा व्यवहार त्याला करायचा नसतो. छायाचित्राचा प्रेक्षक मात्र व्यवहारात उभा असतो. त्याने चित्रातले पान हिरवे मानले तर कोणाचे तरी नुकसान अमान्य होते. आजचा फोन आपल्याला चित्रतुरग देतो आणि तो पागेतला घोडा म्हणून आपण स्वीकारतो. संभ्रमाचे मूळ येथे आहे.

तेव्हा दोन छायाचित्रांच्या तुलनेत दोन पक्ष पुरेसे नाहीत. तिसरा पक्ष हवा. तो म्हणजे जे टिपले गेले ते आणि त्याच्यासमोर जो उभा होता तो. त्याची साक्ष वगळून केलेली तुलना ही चित्रांची तुलना असेल, छायाचित्रांची नव्हे. अर्थात त्याचीही स्मृती चुकू शकते, त्याचाही हितसंबंध असू शकतो. पण त्याला उलट प्रश्न विचारता येतात, आणि साक्षीदार म्हणवून घेण्याची पहिली पात्रता तीच असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामांनी लाल पडलेले एक पान खुडून आणले व माझ्या हातावर ठेवले. कोणत्या फोनचे चित्र ठेवायचे, असे मी विचारले. त्यांनी जुन्या फोनकडे बोट दाखवले आणि म्हणाले, 'ह्याच्यात निदान भांडता तरी येतं.'