सगळे एकच, तर भक्ती कोणी कोणाची करायची?

सारे अस्तित्व मुळात एकच आहे, हे वाक्य ऐकायला सोपे वाटते. पण ते देवळात, मशिदीत किंवा सिनेगॉगमध्ये शिरले की पहिला प्रश्न उभा राहतो तो पूजेचा. पूजेला दोघे लागतात: एक हात जोडणारा आणि एक ज्याच्यापुढे हात जोडायचे तो. दुसरा कोणी नाहीच असे ठरले, तर प्रार्थना कोणाला करायची आणि ती ऐकणार कोण?

हा प्रश्न किती जिव्हारी लागू शकतो, हे अ‍ॅम्स्टरडॅममध्ये दिसले. २७ जुलै १६५६ रोजी तिथल्या पोर्तुगीज ज्यू समाजाने बारुख स्पिनोझा या तेवीस वर्षांच्या तरुणाला वाळीत टाकले. त्याच्याशी कोणी संबंध ठेवू नये, त्याच्यासोबत एका छपराखाली राहू नये, त्याने लिहिलेले काही वाचू नये, असा तो फतवा होता. स्पिनोझा पुढे भिंगे घासण्याचे काम करत साधेपणाने जगला. त्याचा ‘एथिक्स’ हा मुख्य ग्रंथ छापला गेला तो त्याच्या मृत्यूनंतर, १६७७ साली.

या ग्रंथाची मांडणी भूमितीच्या पुस्तकासारखी आहे: आधी व्याख्या आणि गृहीतके, मग सिद्धांत आणि सिद्धता. पहिल्याच भागात तो दाखवू पाहतो, की ईश्वराखेरीज दुसरे कोणतेही मूलद्रव्य असूच शकत नाही. माणसे, झाडे, दगड, मनातले विचार ही सगळी त्या एकाचीच रूपे. असा ईश्वर कोणावर रागावत नाही, नवसाला पावत नाही. जो ईश्वरावर प्रेम करतो त्याने ईश्वराकडून प्रेमाची परतफेड मागू नये, असेही स्पिनोझा बजावतो. इथवर वाचणाऱ्याला वाटते की भक्तीचा विषय आता मिटला. पण शेवटच्या भागात तो म्हणतो, की ज्ञानातून माणसाच्या मनात उमलणारे ईश्वरप्रेम हा ईश्वराच्या स्वतःवरच्या अनंत प्रेमाचाच अंश आहे. म्हणजे भक्ती उरते. फक्त तिचे दोन काठ उरत नाहीत.

इस्लाममध्येही हा वाद मोठ्या ताकदीने झाला. ११६५ साली स्पेनमधल्या मुर्सिया इथे जन्मलेल्या आणि १२४० साली दमास्कसमध्ये देह ठेवलेल्या इब्न अरबींची शिकवण पुढे ‘वहदत-उल-वुजूद’, म्हणजे अस्तित्वाची एकता, या नावाने ओळखली गेली. खरे अस्तित्व फक्त ईश्वराचे; विश्व म्हणजे त्याचे प्रकटन. भारतातल्या नक्शबंदी परंपरेतले शेख अहमद सरहिंदी (१५६४ ते १६२४) यांनी यावर नेमके बोट ठेवले. साधकाला सगळे एक दिसते, हे त्यांना मान्य होते. पण ते दिसणे आहे, असणे नव्हे. सृष्टी आणि तिचा कर्ता एक मानले, तर धर्माची आज्ञा पाळणारा तरी कोण उरतो, ही भीती या आक्षेपामागे होती आणि ती पोकळ नव्हती.

आपल्याकडे शंकराचार्यांनी ब्रह्म हेच अंतिम सत्य मानले आणि भेदाचा अनुभव अविद्येच्या खात्यावर टाकला. उपासनेला त्यांनी जागा दिली, पण ती व्यवहाराच्या पातळीवर. रामानुजांना हे पटले नाही. त्यांनी जीव आणि जग यांना ईश्वराचे शरीर मानले, म्हणजे एकत्व राखूनही भक्त खरा राहिला.

मराठीत या प्रश्नाला सर्वांत धीट उत्तर दिले ज्ञानेश्वरांनी, ‘अमृतानुभवा’त. दहा प्रकरणांच्या या ग्रंथातले सर्वांत मोठे प्रकरण सातवे, अज्ञानखंडनाचे. जग अज्ञानामुळे दिसते हे म्हणणेच तिथे ज्ञानेश्वर मोडीत काढतात. एकावाचून दुसरे काही नसेल, तर अज्ञान तरी आले कुठून आणि राहते कुठे? त्यांच्या लेखी दिसणारे हे जग त्या एकाच चैतन्याचा विलास आहे, त्याला खोटे ठरवायची गरज नाही.

मग नवव्या प्रकरणात ते भक्तीकडे वळतात. एकाच डोंगरातून देव, देऊळ आणि देवाचा परिवार कोरून काढता येतो, तर अद्वैतात भक्तीचा व्यवहार का होऊ नये, असा त्यांचा सवाल आहे. वेरूळचे कैलास लेणे पाहिलेल्या वाचकाला यावर वेगळे भाष्य लागत नाही. तिथे शिवलिंग, नंदी, खांब आणि हत्ती एकाच खडकातून कोरले आहेत. खडक अखंड आहे आणि तरीही नंदी महादेवाकडे तोंड करून बसलाच आहे. जगाला भ्रम ठरवून मिळवलेल्या एकतेपेक्षा ही एकता अधिक अवघड आहे आणि अधिक खरीही, कारण ती समोरच्या माणसाला पुसून टाकत नाही.

नेमक्या याच ठिकाणी तत्त्वज्ञानाला समाजाने जाब विचारला पाहिजे, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तो विचारला. महाराष्ट्र शासनाने १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या ‘रिडल्स इन हिंदुइझम’मध्ये त्यांनी लिहिले आहे, की प्रत्येक माणसात तेच ब्रह्म आहे या सिद्धांताइतका लोकशाहीला भक्कम पाया दुसरा मिळणार नाही. मग या सिद्धांतातून नवा समाज का घडला नाही? अद्वैताचा अभिमान बाळगणाऱ्या प्रत्येकाने हा प्रश्न आपल्यालाच विचारलेला आहे, असे समजून वाचावा. ‘अमृतानुभव’ मराठीत अवतरल्यानंतर साडेसहाशे वर्षे उलटली, तरी पंढरपूरच्या विठ्ठलमंदिराचे दार अस्पृश्यांना बंदच होते. ते उघडावे म्हणून मे १९४७ मध्ये साने गुरुजींना प्राणांतिक उपोषणाला बसावे लागले.