गोळीचं पाप कोणाच्या खात्यावर?

मुलीने वाढदिवसाला सायकल मागावी, फार तर घड्याळ मागावं. आमच्या कन्येने ॲक्झोलॉटल मागितला. मला आधी ते पित्तावरचं औषध वाटलं. चौकशीअंती कळलं, की हा मेक्सिकोतल्या सोचिमिल्कोचा जलचर असून २०२१ साली 'माइनक्राफ्ट' नावाच्या खेळात शिरल्यापासून तो पोरांच्या डोक्यात आणि पर्यायाने बापांच्या खिशात शिरला आहे. त्याच्या मूळ तळ्यात आता फार थोडे उरलेत. काचेच्या टाक्यांत मात्र मुबलक. त्याचे बरेच भाऊबंद मोठे झाले की कल्ले टाकून जमिनीवर येतात. हा गृहस्थ कल्ल्यांसकट जन्मभर पाण्यात, बाल्यावस्थेतच राहतो. मोठं न होता म्हातारं होण्याची सोय मी तोवर फक्त आमच्या शाखेत पाहिली होती.

त्याला पाणी लागतं १६ ते १८ अंशांचं. चाकणच्या एप्रिलात आम्ही घामाने भिजत बसतो आणि साहेबांचं पाणी हप्त्यावर घेतलेलं यंत्र थंड करतं. शिवाय २०२२ च्या वन्यजीव कायद्यातल्या दुरुस्तीमुळे असल्या परदेशी पाहुण्याची सरकारदरबारी नोंद करावी लागते. आयुष्यभर लोकांना "फॉर्म अपुरा आहे" म्हणून परत पाठवलं, त्याची फेड झाली.

खरा प्रश्न आला जेवणाचा. दुकानदार म्हणाला, "गांडूळ सगळ्यात उत्तम." आमची आई माळकरी, आळंदीची एकादशी न चुकवणारी. ती कडाडली, "गांडूळ शेतकऱ्याचा मित्र! माझ्या डोळ्यांदेखत चालणार नाही."

मग गोळ्या आल्या. मुगाएवढ्या, तपकिरी, तळाशी बसणाऱ्या. स्वारीला फारसं दिसत नाही, म्हणून मुलगी चिमट्याने गोळी तोंडाशी धरते. वास लागला की तो तोंड उघडतो आणि पाण्यासकट गोळी आत ओढतो. उरलेल्या गोळ्या लगेच काढायच्या, नाहीतर पाणी नासतं. घरात शांतता नांदू लागली.

महिन्याभराने मुलीने पाकिटावरचा मजकूर आजीला वाचून दाखवला. पहिलाच घटक : माशांची भुकटी.

आई म्हणाली, "हे मासे कुणी मारले?"

"कारखान्यात मारले असतील, आई."

"म्हणजे कुणीच मारले नाहीत?"

मी गप्प बसलो. गांडूळ वळवळतं, म्हणून त्याची दया येते. गोळी वळवळत नाही. जीव दळून, वाळवून, पाकिटात भरला की पाप बिनवारशी होतं.

हे एवढ्यावर थांबलं असतं, पण त्याच आठवड्यात मी सोनेतारणाच्या लिलावाच्या नोटिसा काढत होतो. पडद्यावर एक ओळ : खाते क्रमांक, वजन ग्रॅममध्ये, मुद्दल, व्याज. छान मुगाएवढी गोळी. दुपारी ती ओळ काउंटरवर येऊन उभी राहिली. बाजारात कांदा पडेल भावाने विकून आलेली बाई होती. म्हणाली, "साहेब, माझं डोरलं कोण विकणार?"

मी म्हणालो, "बँक."

आणि मला आईचा प्रश्न ऐकू आला.

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. ती माळ ओढत म्हणाली, "त्या मुक्या जिवाला देवाने वरणभात खाणारा केला नाही. त्याला उपाशी मारणं हेही पापच. घाल खायला. पण काय घालतोस ते ठाऊक असू दे, आणि आपल्या नावावर मांड."

तेव्हापासून आमच्याकडे गोळ्या चालू आहेत. एकादशीला मात्र त्याला उपास. मोठ्या वाढलेल्या ॲक्झोलॉटलला आठवड्यातून दोन-तीनदा खाल्लं तरी पुरतं, त्यामुळे त्याची तक्रार नाही. चिवडा चोरून खाणारा मीच.

दुसऱ्या दिवशी मी त्या बाईला फोन केला. लिलाव रद्द करणं माझ्या हातात नाही. पण व्याज भरलं तर तारण नव्याने करता येतं, हे नोटिशीत तळाशी बारीक अक्षरांत छापलेलं असतं. ते मोठ्याने वाचून दाखवलं. "बघते," म्हणाली.

अजून आलेली नाही. लिलाव मंगळवारी आहे.